मांसविरहित, पण शाकाहारी नव्हे

अमेरिकेतील टेक्सास राज्याचे सॅन अँटोनिओ हे शहर एकेकाळी स्पेनच्या व पुढे मेक्सिकोच्या अंमलाखाली होते. १८३६ मध्ये जेथे अलामोची इतिहासप्रसिद्ध लढाई झाली, ती दगडी वास्तू आजही शहराच्या मध्यभागी उभी आहे. तेथून थोड्याच अंतरावर नदीच्या दोन्ही काठांनी ‘रिव्हर वॉक’ ही रम्य पायवाट जाते. वर सायप्रसच्या उंच वृक्षांची सावली, खाली संथ पाणी आणि काठाने ओळीने मांडलेली उपाहारगृहे. त्यांपैकी बरीच मेक्सिकन पद्धतीची आहेत.

जून महिन्यात आम्ही उभयता अशाच एका उपाहारगृहात गेलो. खाद्यसूचीत शाकाहारी पदार्थांचा स्वतंत्र विभाग होता. राजम्यासारखी कडधान्ये, भात, मक्याची पोळी, टोमॅटो आणि मिरची! परदेशात याहून जवळचे अन्न कोणते असणार? कांदा, लसूण व बटाटा आम्हांस वर्ज्य असल्याचे प्रारंभीच सांगितले. वाढप्याने मान डोलावली. ताटे मात्र येईपर्यंत सव्वाआठ झाले. त्या दिवसांत तेथे सूर्य साडेआठनंतर मावळतो आणि सौ.चा चौविहाराचा नियम.

घास घेण्यापूर्वी तिने नेहमीप्रमाणे विचारले, “हे शिजवले कशात?” वाढपी मुदपाकखान्यात जाऊन परतला. घोटलेली कडधान्ये डुकराच्या चरबीत परतलेली होती आणि भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला. “पण यात मांस नाही,” असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याच्या दृष्टीने त्यात असत्य काहीच नव्हते. ताटात मांसाचा तुकडा दिसत नव्हता.

ताटे तशीच परत गेली, बिल मात्र पूर्ण आले. व्यवस्थापकाशी बोलून उपयोग झाला नाही. पैसे गेले त्याचे फारसे वाटले नाही. दिवसभराच्या पायपिटीनंतर सूर्यास्तापूर्वी केवळ पाणी पिऊन सौ.ने पच्चक्खाण घेतले, ते पाहताना मात्र मन खिन्न झाले.

या खाद्यपद्धतीचा इतिहास पाहिला की या प्रकाराचा उलगडा होतो. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी अ‍ॅझ्टेकांची राजधानी जिंकली. तोवर त्या भूमीत डुकरेही नव्हती आणि गायीही नव्हत्या. तेथील लोक मांसाहारी होते, तरी त्यांच्या रोजच्या अन्नाचा पाया मका, कडधान्ये, भोपळा व मिरची हाच होता. डुकराची चरबी स्पॅनिशांबरोबर आली आणि कडधान्यांत, गव्हाच्या पोळीत, मक्याच्या वाफवलेल्या तामालेत मुरून गेली. आज तेथील स्वयंपाक्याला ती मांस वाटत नाही. आपल्याकडे फोडणीचे तेल जसे गृहीत असते, तशी ती गृहीत असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका लहानशा दुकानात मक्याच्या ताज्या पोळ्या भाजताना पाहिल्या. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, भिजत ठेवायचा, धुऊन वाटायचा आणि तव्यावर भाजायचा. घटक तीनच: मका, चुना, पाणी. चुन्यामुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीरास लाभते. युरोपीयांनी मका नेला, ही रीत मात्र नेली नाही. त्यामुळे मक्यावरच गुजराण करणाऱ्या तेथील गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. त्या गरम पोळ्या, अ‍ॅव्होकॅडोच्या फोडी, टोमॅटो, लिंबू आणि मीठ एवढ्यावर आमचे उत्तम भोजन झाले.

आपल्या व्यापारी घरांत पेटी उघडून माल पाहिल्याखेरीज पावतीवर सही करीत नाहीत. परदेशातील ‘शाकाहारी’ या शब्दाबाबतही हीच रीत पाळावी. ‘यात मांस आहे काय’ एवढेच विचारणे अपुरे ठरते, कारण स्पॅनिशमधील ‘कार्ने’ या शब्दाने अनेकांना केवळ लाल मांसच अभिप्रेत असते. चरबी कोणती, रस्सा कशाचा, चीज कोणत्या विरजणाचे, असे एकेक विचारावे. ‘मांतेका’ म्हणजे डुकराची चरबी आणि ‘काल्दो दे पोयो’ म्हणजे कोंबडीचा रस्सा, हे दोन शब्द मेक्सिकन उपाहारगृहात जाणाऱ्याने टिपून ठेवावेत. गव्हाच्या पोळीपेक्षा मक्याची पोळी निवडावी, तीही विचारूनच. चौकशी मात्र ताट येण्यापूर्वी आणि सूर्य बराच वर असतानाच करावी, म्हणजे दुसरी सोय पाहण्यास अवधी राहतो.