वडिलांची साखर आणि माझी कटकट

माझ्या वडिलांना मधुमेह आहे. अंबरनाथच्या दवाखान्यात रोज पथ्य सांगणारा मी, घरात मात्र हरलो होतो. फ्रीजमध्ये पेढे दिसले की मी चिडायचो. परिणाम? पेढे कपाटात, कपड्यांच्या मागे गेले. माझ्या ओरडण्यातून वडील पेढे सोडायला नाही, लपवायला शिकले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की ज्या कृतीनंतर लगेच काही हवंसं मिळतं, ती पुन्हा पुन्हा घडते. यालाच ऑपरंट कंडिशनिंग म्हणतात. यात ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा. दहा वर्षांनी किडनी बिघडेल ही भीती आजच्या पेढ्यापुढे टिकत नाही.

मग वडिलांना हवंय काय? दिवसभर दवाखान्यात अडकलेला मुलगा! ते सकाळी शिवमंदिरापर्यंत चालून आले, की मी फोन बाजूला ठेवून त्यांच्यासोबत बिनसाखरेचा चहा घेऊ लागलो. दहाच मिनिटं. पेढ्यांबद्दल चकार शब्द नाही. औषधं होती तीच ठेवली.

तुम्हीही घरात एकच सवय निवडा, पायरी छोटी ठेवा. चुकल्यावर टोमणा मारू नका; जमलं की तिथल्या तिथे दाद द्या. सवय रुळली की अधूनमधून दिलेली दादही पुरते. मात्र इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर व्यायाम आणि आहारातले बदल डॉक्टरांना विचारूनच करा.

तीन महिन्यांनी वडिलांचं एचबीएवनसी कमी आलं. पेढे पूर्ण सुटले नाहीत. पण हल्ली ते स्वतःच सांगतात, “आज अर्धा खाल्ला रे.”