उतारावरची बाग

प्रतापनगरांत आमचें लहानसें घर आहे. त्याच्या मागील आवार सपाट नाहीं. दारापासून कुंपणापर्यंत तें चांगलें पुरुषभर उतरत गेलें आहे. एके वर्षीं ज्येष्ठांत आम्हां भावंडांना बागेची हौस आली. काळी माती आणवून पसरली. जास्वंद, मोगरा व वांगीं लाविलीं. नागपुरास वर्षाकाठीं पडणारा सुमारें हजार-अकराशें मिलिमीटर पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो, हें आम्हीं शाळेंत पाठ केलें होतें. त्याचा अर्थ मात्र एका रात्रींत कळला. सकाळीं पाहतों तों वर मुरूम उघडा, आणि आमची माती रोपांसह खालच्या शेजाऱ्यांच्या अंगणांत!

खजील होऊन आम्ही घमेलीं-फावडीं घेऊन चिखल उपसावयास गेलों. शेजारचे आजोबा मूळचे भंडाऱ्याकडील. ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, "पोट्टेहो, पाण्याले पळू देऊ नोका, चालाले शिकवा." त्यांच्या मुलखांत कोहळी लोकांनीं बांधलेले जुने तलाव शेंकडों आहेत, पाण्याची ही विद्या त्यांनीं लहानपणींच पाहिली होती.

त्यांच्या सांगण्यावरून आम्हीं सारख्या लांबीच्या दोन वेळूच्या काठ्या शेंड्याशीं बांधिल्या, मध्यें आडवी काठी जोडिली व शेंड्यापासून दोरीनें दगड लोंबता सोडिला. दोरी मध्यखुणेवर आली, कीं दोन्ही पाय एका पातळींत. अशीं पावलें टाकीत उतारास आडव्या तीन रेघा आंखल्या, त्यांवर काळ्या दगडांचे गुडघाभर बांध रचिले व मागें माती भरून पायऱ्या केल्या. काळी माती पाणी पिऊन फुगते. तिच्यांत पाणी कोंडून ठेवणेंही बरें नव्हे. म्हणून प्रत्येक बांधास सांडवा ठेविला, एकाचा डावीकडे, तर पुढच्याचा उजवीकडे. शेवटचा बाजूच्या गटाराकडे वळविला. बांधांच्या कडेनें वाळा लाविला. उन्हाळ्यांत ज्याच्या ताट्यांचा गारवा आपण घेतों, त्याच वाळ्याचीं मुळें दोन-तीन मीटर सरळ खोल जातात व माती धरून ठेवितात.

पुढें ता. २३ सप्टेंबर २०२३ रोजीं नागपुरांत अतिवृष्टि झाली. अंबाझरी तलाव ओसंडला व नागनदीकांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें. त्या रात्रीं आम्ही झोपलों नाहीं. बत्ती घेऊन मागील दारीं उभे राहिलों. उजाडतां पाहिलें, तों मधला बांध एके ठिकाणीं ढासळला होता. परंतु पाणी सांडव्यांतून आपल्या वाटेनें जात होतें, आणि आजोबांच्या अंगणांत आमच्या मातीचें एक ढेकूळही नव्हतें. पाऊस थांबल्यावर आजोबा स्वतः वर आले व आमच्याबरोबर बसून त्यांनीं पडलेले दगड पुन्हा रचिले.

आतां मोगरा फुलतो, तेव्हां पहिली ओंजळ त्यांच्या घरीं जाते. मित्रहो, ज्याचें अंगण वर आहे, त्यानें खालच्या अंगणाचा विचार आधीं करावा, एवढें त्या उतारानें आम्हांस शिकविलें.