नागफणी आणि नागिन

कुरवंड्याजवळच्या कड्यात आपल्या लोकांना नागाचा फणा दिसला, म्हणून तो नागफणी. इंग्रजांना त्यातच ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं, म्हणून ड्यूक्स नोज. कडा तसूभरही हलला नाही.

२०१५ साली कलर्सवर ‘नागिन’ सुरू झाली. तिच्यातली इच्छाधारी शिवन्या सून होऊन घरात येते. साप दिसला की आपण बाजूला होतो. पण पानाला पान लावून बसलेलं माणूसच साप निघालं तर? मालिकेची सगळी भीती एवढ्यावर चालते.

भाड्याचं घर बघायला गेलो की गप्पा छान रंगतात. मग मी नाव सांगतो. समोरच्याला तेवढ्यात माझं रूप पालटलेलं दिसतं. कड्याला अशानं फरक पडत नाही. मला घर हवं असतं.