बोलणं आणि वागणं

मंडळी, माझं गाव डोंगरकडा, जिल्हा हिंगोली. याच जिल्ह्यातल्या कडोळीत १९१६ साली नानाजी देशमुख जन्मले. साठीनंतर सत्तेत राहू नये, असं ते म्हणायचे. १९७७ मध्ये केंद्रात मंत्रिपद चालून आलं, तेव्हा साठी झालीच होती. त्यांनी ते नाकारलं आणि पुढे राजकारण सोडून खेड्यांत कामाला लागले. त्यांचे विचार पटोत न पटोत, बोलणं आणि वागणं एक होतं.

आणि आपण आयटीवाले? रेझ्युमेत तीन वर्षांचा खोटा अनुभव घालतो. वर म्हणतो, "सगळेच करतात यार!" पकडले गेलो नाही, तरी खरा रेझ्युमे देणाऱ्या कुणाची तरी नोकरी आपण घेतलेली असते. त्याचं नावही आपल्याला कधी कळत नाही. बघा, पटतंय का!