खोडदचे कान

'कॉन्टॅक्ट' या १९९७ सालच्या चित्रपटात नायिका न्यू मेक्सिकोतील अजस्र तबकड्यांपाशी बसते, कानांना हेडफोन लावते आणि परक्या ग्रहावरची हाक ऐकते. तेवढ्या एका प्रसंगावर आमच्या कन्येने खगोलशास्त्र शिकायचे ठरवून टाकले! मी पडलो मराठीचा मास्तर. खरेखोटे पाहावे म्हणून विज्ञानदिनी तिला घेऊन नारायणगावाजवळच्या खोडदला गेलो.

शेतमळ्यांमधून ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या! एकूण ३०, पंचवीसेक किलोमीटरांत पसरलेल्या. भोवतालचे डोंगर बाहेरचा गोंगाट अडवतात. आमचे मोबाइलही बंद करायला लावले.

"हेडफोन कुठे आहे?" कन्येने विचारलेच. तिथले गृहस्थ हसले. "रेडिओलहरी म्हणजे आवाज नव्हे, बाळ. इथे ऐकतो तो संगणक. माणसे महिनोन्‌महिने आकडे चाळतात. हां, स्पंदक ताऱ्याची टिकटिक मात्र ध्वनीत बदलून ऐकता येते."

परतताना ती गप्पच होती. संपले हिचे स्वप्न, असे मला वाटले. नारायणगावच्या एस.टी. स्थानकावर ती एकदम म्हणाली, "बाबा, आकडे चाळायला गणित पक्के हवे ना?"

त्या खोट्या हेडफोनला मी मनोमन हात जोडले.