तोकोनामेची चहादाणी

जपानातल्या नागोया शहरात आमचा भाचा नोकरीला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं त्याच्याकडे निघालो, तेव्हा अम्मींनी एवढंच सांगितलं, "काही आणू नका. आणलंच तर चहा आणा." म्हणून जुम्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन आम्ही रेल्वेने तोकोनामेला गेलो. नागोयाहून पाऊण ताससुद्धा लागत नाही.

तोकोनामे हे कुंभारांचं गाव. मातीकामाची जी सहा प्राचीन केंद्रं जपानात मानली जातात, त्यांतलं हे एक. जुन्या वस्तीतून जाणाऱ्या पायवाटेवर दोकानझाका नावाची चढण लागते. तिची एक भिंत सांडपाण्याच्या मातीच्या नळांची, तर दुसरी दारूच्या जुन्या बरण्यांची. बरण्यांचा याहून चांगला उपयोग आम्हाला तरी सुचला नसता! पुढे टेकडीच्या उतारावर १८८७ साली बांधलेली दहा धुराड्यांची भट्टी आहे. १९७४ पर्यंत ती पेटत होती.

आम्ही गेलो होतो ते 'क्यूसू' घ्यायला. क्यूसू म्हणजे लाल मातीची छोटी चहादाणी. तिची मूठ मागे नसते, बाजूला असते. ओतताना त्याच हाताच्या अंगठ्याने झाकण दाबून धरायचं. आत मातीचीच बारीक जाळी. झाकण आणि भांडं एकत्र भाजून एकमेकांवर घासून बसवतात, त्यामुळे एकीचं झाकण दुसरीला नीट बसत नाही. दुकानातल्या आजीबाईंनी दोन गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या. तोटीच्या टोकावरची प्लास्टिकची नळी फक्त प्रवासासाठी आहे, घरी गेल्यावर काढून टाका. आणि हिला साबण लावू नका, कारण या मातीवर चकाकीचा लेप नसतो, ती वास शोषून घेते. अस्रची वेळ झाली होती. चूबू विमानतळ तिथून काही मिनिटांवरच; तिथे नमाजसाठी खोली आहे, हे प्रवास करणाऱ्या वाचकांनी लक्षात ठेवावं.

घरी आल्यावर आमच्याकडून चुका झाल्याच. हिरव्या चहाची दोन पाकिटं आणली होती. एक फोडलं आणि चिमटा लावून फ्रिजमध्ये ठेवलं. त्याच फ्रिजमध्ये सुकट होती, आलं-लसणाचं वाटण होतं. आठवडाभरात चहाला सुकटीचा वास यायला लागला. हवा, उजेड, दमट, उष्णता आणि परका वास, हे पाचही या चहाचे वैरी. कोकणच्या पावसाळ्यात तर पाचांपैकी तीन घरातच मुक्कामाला असतात. फोडलेला चहा दुहेरी झाकणाच्या छोट्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवून महिन्याभरात संपवावा. फ्रिज फक्त न फोडलेल्या पाकिटासाठी. तेही बाहेर काढल्याबरोबर फोडू नये, नाहीतर थंड पत्तीवर हवेतलं पाणी धरतं.

दुसरी चूक भांड्याची. अम्मींनी चहादाणी साबणाने खसखसून धुतली. नुसत्या पाण्याने विसळलेलं भांडं त्यांच्या मनाला पाक वाटेना. त्या दिवशीच्या चहाला साबणाची चव आली आणि आम्ही पाहुण्यांसमोर त्यांना बोललो. त्या काही म्हणाल्या नाहीत. नुसत्या गरम पाण्याने ती पुन्हा पुन्हा भरून रिकामी केली, तेव्हा चार-पाच दिवसांनी चव गेली. मग आम्ही त्यांना समजावलं, जे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं: हिच्यात दूध नाही, साखर नाही, पत्ती आणि पाण्याशिवाय काही पडतच नाही. पत्ती लगेच काढायची, जाळी मऊ ब्रशने साफ करायची, झाकण वेगळं ठेवून पूर्ण वाळू द्यायचं. ओली ठेवून झाकण लावलं की बुरशी आलीच. "पाण्यानेच पाक होतं ना, मग झालं," अम्मी म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून ती धुण्याचं काम त्यांनी कोणालाच करू दिलं नाही. फजरनंतर ती खिडकीत उपडी वाळत असायची, झाकण शेजारी.

शाबानमध्ये अम्मी गेल्या. अल्लाह त्यांची मगफिरत करो. दुसरं पाकीट राहूनच गेलं होतं. उद्या भाचा सुट्टीवर येतोय, म्हणून आज रात्री ते फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवलं आहे. सकाळपर्यंत फोडायचं नाही.