सासऱ्याची भट्टी

खालापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवरच्या आजीचं माझ्यावर ऋण आहे. माझ्या कुठल्याही अहवालात त्याची नोंद नाही आणि तिचं नाव मी इथेही देत नाही. “माझं नाव नको घालूस कुठं, मुकादम वाचंल,” असं तिनंच बजावलं होतं. वीटभट्टीची उचल अंगावर असताना असली प्रसिद्धी तिला परवडणारी नव्हती.

बोरघाटाच्या पायथ्याला जुन्या वस्त्यांच्या खुणा शोधत मी तेव्हा चुंबकक्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर घेऊन हिंडायचो. पुरातत्त्वात या यंत्राचं नाव झालं तेच मुळी भट्ट्यांमुळे. १९५८ साली मार्टिन एटकेन यांनी इंग्लंडात पीटरबरोजवळ त्याच्या मदतीने रोमन काळातल्या कुंभारभट्ट्या हुडकल्या. माती सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापली की तिच्यातली लोहखनिजं आपलं जुनं चुंबकत्व विसरतात आणि निवताना पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची त्या वेळची दिशा धरून बसतात. वर शेत नांगरलं, रान माजलं, तरी खालची खूण टिकते. आपण दोऱ्या आखून पावलापावलावर आकडा घ्यायचा. आपल्याकडे तो ४३ हजार नॅनोटेस्लांच्या आसपास असतो. मध्येच शंभर-दोनशेंनी उसळला की तिथे थांबायचं.

इकडे मात्र हे काम जिकिरीचं. आपला काळा दगड लाव्हा निवूनच झालेला, त्यामुळे शेतातला प्रत्येक धोंडा आपलं चुंबकत्व मिरवतो. त्यात विजेवरची रेल्वे जवळ, तिच्या प्रवाहाने आकडे बिघडतात. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेला अलिबाग गाठावं लागलं, तिथल्या नोंदी १९०४ पासूनच्या. आम्ही कुठे जाणार?

अशातच सागाच्या झाडीत एक छान गोल उमटला. मी खुश. आजी मोळी टेकवून माझा उद्योग बघत होती.

“काय गावलं?”

“जुनी भट्टी असावी, आजी.”

“असंल ना. माझ्या सासऱ्याची हाय ती. कोळशाची.”

तिनं कोयत्याच्या टोकानं पाला सारला, वरची माती खरवडली. आधी काळी भुकटी, मग तिच्याखाली विटेसारखी लाल झालेली कड. लाकडं कशी रचायची, वर पाला घालून मातीनं कसं लिंपायचं, पांढरा धूर निळा झाला की भोकं कशी बुजवायची, हे तिनं हातवारे करून सांगितलं. पैसे कुणाला मिळायचे, हेही सांगितलं. ते सासऱ्याला मिळायचे नाहीत.

पुढे ती माझ्याबरोबर हिंडू लागली. भातरोपांसाठी दरसाल राब कुठे भाजतात, कोणत्या माळावर वीटभट्टी लागायची, सगळं तिच्या डोक्यात. जास्त भाजून एकमेकांना चिकटलेल्या विटांचा खंगर ती पायानंच ओळखायची. या प्रत्येक जागी माती भाजलेली. माझ्या नकाशावर त्यातली कुठलीही जागा सातवाहनकाळातली म्हणून मिरवता आली असती. तिनं सांगितलेलं वगळून उरलेल्या मोजक्या जागाच मी पुढच्या तपासणीसाठी कळवल्या. आज माझ्या नकाशांवर कुणी विश्वास ठेवतं, तो या गाळणीमुळे.

एकदा तिनं विचारलं, “एवढं खालचं दिसतंय तुला, मग पाणी का नाय दिसत?” त्याला चार खुंट्या ठोकून जमिनीत वीज सोडणारं वेगळं यंत्र लागतं, असं मी सांगितलं. “मग ते आण की,” म्हणाली. ते मी नेलं नाही. मोजणीचा निधी पुरातत्त्वाचा होता, पाण्याचा नव्हता.

कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात चैत्यगृहाच्या दर्शनी भागातल्या शिल्पापाशी ब्राह्मी लेख आहे. ते काम कण्हाचा शिष्य बळक याचं, असं तो सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने गुरूचं नाव दगडात कोरलं. आमच्या अहवालांत यंत्र बनवणाऱ्या कंपनीचंही नाव असतं, पण वाडीवरच्या माणसांना ‘स्थानिक मजूर’ एवढंच म्हणतात.

कर्जत-खालापुरात यंत्र घेऊन जाणाऱ्यांना एवढीच विनंती: दोऱ्या आखण्याआधी वाडीवर जा, म्हाताऱ्या माणसांना रानात बरोबर घ्या आणि त्यांचा रोज अंदाजपत्रकात जाणकाराच्या दराने धरा.